प्लॉट घेणाऱ्या मामास, फक्की मारणाऱ्या भाचीकडून

चाकूर,
रविवार, दुपारची वेळ

तीर्थरूप व्यंकटमामा,

तुमच्या पायावर डोकं ठेवून वर्षाराणीचा नमस्कार. मामीलाबी नमस्कार सांगा. तुमचा गुडघा कसा हाय? आई रोज इचारती, आन मग आपणच सांगती की थंडीत दुखत असंल, उन्हाळ्यात दुखत असंल, पावसाळ्यात तर दुखतच असंल. तुमच्या म्हशीला रेडकू झालं मनून कळलं, लई आनंद झाला. हिकडं आमी सगळे बरे हाव. पप्पाची टमटम चालू हाय (मनजे ढकलल्यावर चालू व्हती). आईचं साड्यांना फॉल-पिको करायचं काम लग्नसराईमुळं जोरात हाय. आन मी तुमच्या आशीर्वादानं अमरेश सरांच्या प्लॉटिंगच्या ऑफिसात सहा महिन्यापासून टिकून हाय. माझ्या आदी तिथं चार पोरी सहा सहा दिवसबी टिकल्या न्हाईत. (त्या बोलायच्या. मी बोलत न्हाई.)

तुमी मनताल, मोबाईलच्या जमान्यात ही पोरगी पत्र कामून ल्हायली. मामा, मला फोनवर बोलता येत न्हाई. समोरासमोरबी येत न्हाई, पण फोनवर तर लईच न्हाई. शाळेत हजेरी घेताना माझा नंबर आला की घशातून आवाजच निघायचा न्हाई. मी बेंचवर बसलेली, दोन येण्या घातलेली, डबा आणलेली, आन वहीत गैरहजर. नववीत हजेरी भरत न्हाई मनून घरी चिठ्ठी आली, तवा पप्पानं इचारलं, रोज दप्तर घेऊन जाती तरी कुठं? मला तेबी सांगता आलं न्हाई. तिथंच शाळा सुटली. तर मागच्या रविवारी तुमचा फोन आला, तुमी अठरा मिनिटं बोलले आन मी अकरा वेळा 'व्हय' मनलं. फोन ठेवल्यावर मी वही घेऊन बसले आन एकेक 'व्हय' आठवून ल्हून काढलं, की आपण कशाकशाला व्हय मनून बसलो. गुडघा दुखतो, व्हय. सोयाबीनला भाव न्हाई, व्हय. अमरनाथदादा मोबाईलमधीच तोंड घालून बसतो, व्हय. बहुतेक सगळी बरोबर निघाली. दोन मात्र अडकली, त्याच्यासाठी हे पत्र.

तुमी दोन गोष्टी मनले व्हते. एक, की तुमाला आता लातूर साईडला प्लॉटमधी पैसा घालायचाय, तू त्या धंद्यात हाईस तर आतलं जे काय हाय ते सांग, आन नातेवाईक मनून काई सूट मिळती का बग. दोन, की आजोबाच्या सहा एकराला गिऱ्हाईक लागलंय, तवा आता ह्या येणाऱ्या बुधवारी आईला आधार कार्ड घेऊन मुखेडच्या रजिस्ट्री ऑफिसात आण. हक्कसोडपत्रावर तिची एक सही पायजे, मनजे बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा बहिणीनं भावाला सोडून दिला, असा कागद. तुमी मनले, महानंदाचं नाव तसं कागदावर न्हाईच, नुसती फॉर्मालिटी हाय, तिला चांगली साडी घेऊन ठेवली. त्यालाबी मी व्हय मनलं. ते सातवं व्हतं.

आता मोठ्या माणसानं पहिलं जे इचारलं ते पहिलं सांगावं, मनून दुसऱ्या गोष्टीचं शेवटाला ल्हिते. आदी प्लॉटचं.

मामा, पहिली गोष्ट मनजे साईट बगायला कंपनीच्या गाडीत कधी बसू नका. आमच्या गाडीत एसी हाय. साईटवर उतरलं की मांडव हाय, खुर्च्यांना पांढरी कापडं हायत, आन गरमागरम फोडणीच्या मुरमुऱ्याचा सुशीला देतेत, वरून शेव, लिंबू. एकदा फुकटची एक प्लेट सुशीला खाल्ली की आपल्या लोकांना न्हाई मनता येत न्हाई. सर सांगतेत, माणूस दर ऐकून घाबरतो, पण खाल्लेल्या घासाला लाजतो. तुमी आपले एसटीनं या, घरून भाकर बांधून आणा, आन पावसात या. पावसात प्लॉट बगायला आलेला माणूस आमी अजून एकबी बगितला न्हाई, आन तो यावा अशी सरांची इच्छाबी न्हाई. आपलं काळं रान पावसात कसं व्हतंय तुमाला सांगायला नको. उन्हाळ्यात जिथं सर बुटानं चालतेत तिथं श्रावणात माझी चप्पल एकटीच मागं ऱ्हाती.

दुसरं असं, की बोर्डावरचे शब्द नीट वाचायचे. 'बसस्टँडपासून दहा मिनिटं' असं ल्हिलं असंल तर कोनाची दहा मिनिटं ते इचारायचं. आमच्या बोर्डावरची दहा मिनिटं सरांच्या गाडीची हायत, पहाटे पाचची, रस्ता रिकामा असताना. पप्पाच्या टमटमला तेच अंतर चाळीस मिनिटं लागतंय, त्यात दोनदा ढकलणं आलं. 'फक्त अकरा प्लॉट शिल्लक' हा बोर्ड मीच रंगवलाय. मी कामाला लागले त्याच आठवड्यात रंगवला, आन ऑइल पेंटमधी रंगवला, मनून तो अजून अकराच हाय. आन सगळ्यात महत्त्वाचं मनजे 'प्रस्तावित' हा शब्द दिसला की थांबायचं. प्रस्तावित गार्डन, प्रस्तावित मंदिर, प्रस्तावित बायपास. प्रस्तावित मनजे अजून न्हाई. आमच्या लेआउटच्या नकाशावर हा शब्द सगळ्यात वर हाय, सगळ्यात बारीक अक्षरात. तो वाचायला आतापर्यंत एकाच गिऱ्हाईकानं चष्मा काढला, आन त्यालाबी सरांनी लगेच दुसरी प्लेट दिली.

आता माझ्या हातून जे झालं ते सांगते. एवढं मामीला वाचून दाखवू नका. सरांनी मला आदी फोनवर ठेवलं व्हतं. पहिल्याच दिवशी उदगीरच्या एका माणसानं इचारलं, फुटाला दर काय? मी गप. तो मनला, साडेनऊशे? मी गप. मनला, बरं, आठशे? मी गप. शेवटी तो आपला आपणच सहाशेवर आला आन मनला, ठरलं मग. सर मनले, "पोरी, तू गप बसून साडेतीनशे पाडलीस. बोलली असतीस तर शेत फुकट गेलं असतं." मला काढूनच टाकणार व्हते, पण आईनं ऑफिसात येऊन सांगितलं की हिच्या तोंडाला काई येत न्हाई पण हाताला रांगोळी चांगली हाय. मनून मग मला फक्कीवर घातलं. फक्की मनजे ती पांढरी भुकटी, कबड्डीचं ग्राउंड आखतेत ती. नकाशा बगून त्या शेतात प्लॉटच्या रेषा मारायच्या, मनजे गिऱ्हाईकाला वाटतं की प्लॉट झालेच, आता फक्त घर बांधायचं ऱ्हायलंय.

नकाशा असा व्हता बगा. खालच्या बाजूला रस्ता आन गेट. गेटापाशी सरांनी महादेवाची पिंड छापून घेतलेली, पुढं तिथं मंदिर व्हणार मनून (प्रस्तावित). वरच्या बाजूला शेताच्या पार टोकाला नाला. मी गेटात उभी ऱ्हायले, नकाशा भुईवर पसरला, उडू न्हाई मनून चार कोपऱ्यावर चार दगड ठेवले, आन बगते तर पिंड बरोबर माझ्या पायाशी. आता तुमीच सांगा मामा, देव पायाशी ठेवून आपल्या घरात कोनी काम केलंय का? मी चप्पल काढली, नमस्कार केला आन नकाशा फिरवून ठेवला. पिंड तिकडं दूर, नाला माझ्या पायाकडं. रस्त्याच्या कडंला पाण्याचा एक चर व्हता. मला वाटलं हाच नाला, सरांनी नकाशात जरा वाढवून काढला असंल, वाढवून सांगायची त्यांना सवय हायच. चार दिवस कंबर वाकवून मी बावन्न प्लॉट आखले. रेष अशी सरळ की सर मनले मशीनला जमणार न्हाई. (कोपऱ्याकोपऱ्यावर मी जरा वेलबुट्टी काढली व्हती, ती पुसायला लावली.) पाचव्या दिवशी शेवटची रेष मारत मारत मागं सरकत गेले, आन खऱ्या नाल्यात पडले.

भिजलेल्या कपड्यानं मी सरांना खुणेनं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ओपनिंग, मांडव पडलेला, आचारी आलेला. सर लई वेळ गप बसले. (मला बरं वाटलं, चला, कोनीतरी आपल्यासारखं.) मग मनले, "फक्की पुसायची न्हाई. नकाशा फिरवू." आन ऑफिसच्या भिंतीवरचा तो मोठा नकाशा त्यांनी खालची बाजू वर करून टांगला. आता आकडे उलटे, तर गिऱ्हाईक मान वाकडी करून वाचायचे आन सर सांगायचे, हा टॉप व्ह्यू हाय. पण पिंडबी उलटी झाली, ते काई त्यांना बगवेना, मनून ती तेवढी कात्रीनं कापून सुलटी चिकटवली. मी इचारलं (चिठ्ठीवर ल्हून), खऱ्या कागदाचं काय? आर्किटेक्टच्या कागदावर तर जुनंच हाय. सर मनले, "ते नंतर बगू, तुला कामून फिकीर?"

ओपनिंगला ईश्वरप्पा गुरुजी आले. शाळेतून रिटायर झालेले, हातात कापडी पिशवी, पिशवीत सगळ्या कागदाच्या झेरॉक्स. त्यांना रस्त्याला लागून असलेला एकोणपन्नास नंबर आवडला. माझ्या फक्कीत एकोणपन्नास रस्त्यावर, खऱ्या कागदात एकोणपन्नास नाल्यात. गुरुजी माझ्याकडं आले, सगळ्यांना सोडून माझ्याकडंच, आन मनले, "बाळ, तूच आखलंस ना हे? मग तू सांग. हाच एकोणपन्नास, रस्त्याला लागून?" सर मागं उभे. माझ्या घशाचं तुमाला म्हाईतच हाय. मी मनलं, व्हय.

गुरुजींनी बयाणा दिला, त्याच आठवड्यात बायकोला आणून भूमिपूजन केलं, चार कोपऱ्याला नारळ फोडले आन एक तांब्याचा गडू मातीत पुरला. मलाबी खोबऱ्याचा तुकडा दिला. मामा, तो तुकडा मला खाताबी येईना आन टाकताबी येईना. तीन दिवस खिशातच घेऊन फिरले.

आता खरी गोष्ट. हे शेत व्हतं गुंडप्पा नावाच्या माणसाचं. त्यांची एक बहीण, नीलम्मा, निलंग्याकडं दिलेली. गुंडप्पा सरांना मनले व्हते, बहिणीची सही मी आणतो, ती फॉर्मालिटी हाय, तुमी फक्की मारा. ('फॉर्मालिटी' हा शब्द तुमचाच, मामा, पण त्यांनीबी हाच वापरला. चांगला शब्द दिसतोय.) ओपनिंगनंतर नवव्या दिवशी नीलम्माबाई एसटीनं आल्या, एक पिशवी घेऊन सरळ शेतात गेल्या आन मधोमध माझ्या रेषेवर बसल्या. बसल्या त्या बसल्याच. शिव्या न्हाईत, रडणं न्हाई, काई न्हाई. गिऱ्हाईकं यायची, बगायची, सुशीला न खाताच वापस जायची. सर मला मनले, तू बाईमाणूस हाईस, जा, उठव तिला. मी जाऊन तिच्यापुढं उभी ऱ्हायले. असा तासभर गेला. मग तिनं पिशवीतली भाकर काढली, अर्धी मोडून मला दिली, वर जवसाची चटणी. मी बसून खाल्ली. (भाकरीलाबी माणूस लाजतो, हे सरांच्या ध्यानात आलं न्हाई.)

खाऊन झाल्यावर मनली, "कोन आखलं गं हे?"

"मी."

"चांगलं आखलीस. माझा भाग कोनता ह्याच्यात?"

मामा, मी बावन्न प्लॉट, एक गार्डन, एक मंदिर आन तीन रस्ते चार दिवस पाठ करून आखले व्हते. त्यात नीलम्माचा भाग कुठंच नव्हता.

तेवढ्यात गुंडप्पा मोटरसायकलवर आले, लांबूनच वरडत. "अक्का, लोकात तमाशा कामून करायलीस?"

"तमाशा कुठला? बसली हाय."

"साडी घेऊन देतो मनलं ना तुला!"

"नेसलेली हाय की मी."

गुंडप्पा मनले, मी कधी तुला कमी केलं का, दिवाळीला आणत न्हाई का, पंचमीला आणत न्हाई का. ती मनली, आणतोस. मग त्यांच्याकडं न बगता मला सांगितल्यासारखं मनली, "भाऊ माझा चांगलाच हाय गं. गेले की पाटावर बसवतो, गोडधोड करायला लावतो, आन तिसऱ्या दिवशी इचारतो, अक्का, तुझी गाडी कवाची हाय? ह्या रानाच्या सातबाऱ्यावर माझं नाव हाय. तिथं मला कोनी गाडी इचारत न्हाई." आन सरांना निरोप दिला, आदी सरकारी मोजणी करा, माझा अर्धा काढून दाखवा, मग विकायचं का न्हाई ते मी माझं बगीन.

सरांचा तिच्यापुढं इलाज चालला न्हाई. मोजणीवाला आला, तीन पायाची मशीन घेऊन, आन त्यानं आर्किटेक्टचा नकाशा मागितला. त्यानं काई चप्पल काढली न्हाई न नमस्कार केला न्हाई, पिंड पायाशी घेतली आन नकाशा सरळ धरला. अर्ध्या तासात मनला, हे बावन्नचे बावन्न उलटे हायत, कोन येड्यानं आखलं? गुरुजी तिथंच व्हते, पिशवीतली झेरॉक्स काढून बगायले, एकदा कागद, एकदा नाला, एकदा मी. सर माझ्याकडं डोळे मोठे करून बगायले, मनजे बोलू नको. त्यांना म्हाईत व्हतं मी बोलत न्हाई. आन मामा, मी बोलले. कसं ते मला अजूनबी कळलं न्हाई. मी मनलं, "गुरुजी, मी आखलं. एकोणपन्नास नाल्यात हाय. तुमी इचारलं तवाच मला म्हाईत व्हतं." आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले. मांडवातला आचारीबी बाहेर आला.

गुरुजी रागावले न्हाईत, ते जास्त वाईट वाटलं. त्यांनी फक्त इचारलं की गडू कुठं पुरलाय ते तरी सरळ दाखव. तो काढून दिला. सरांना त्यांचा बयाणा वापस द्यावा लागला, कारण रजिस्ट्री कुठल्याच प्लॉटची झाली नव्हती. आन ती कामून झाली नव्हती? नीलम्माबाईची सही नव्हती मनून. ती बाई लाजून, भावाला वाईट वाटंल मनून, एका साडीत सही करून गेली असती, तर गुरुजी आज पेन्शनच्या पैशानं नाल्यात बांधकाम करत बसले असते. तर मामा, नवीन माणसानं प्लॉट घेताना सगळ्यात आदी काय बगावं, तर रस्ता न्हाई, गेट न्हाई, सातबाऱ्यावरची नावं बगावी. सगळी. आन त्यातल्या बायकांना जाऊन इचारावं, की बाई, तुमी सही राजीखुशीनं केली ना? आमच्या सरांनी आता हे बोर्डावरबी ल्हिलंय, 'बहिणींच्या संमतीसह'. ते प्रस्तावित हाय, पण ल्हिलंय.

तुमचा फोन आला त्याच दिवशी दुपारी मी मोबाईलवर सातबारा बगायला बसले. गट नंबर कोनाला इचारावा ह्या इचारात व्हते, तर आईनं मशीन चालवता चालवताच सांगितला. मी बगतच ऱ्हायले. मनली, शेतसाऱ्याची पावती आणायला आजोबा मलाच पाठवायचे, दादा (मनजे तुमी) तवा गोट्या खेळायचा. नंबर टाकला, पान उघडलं. दोन नावं हायत मामा. एक व्यंकट, त्याच्याखाली महानंदा. आईनं मोबाईलची काच पदरानं पुसली आन मनली, मोठं कर. मोठं केलं. आणखी मोठं कर. इतकं मोठं केलं की नुसतं 'महा' दिसायलं. आपलं नाव छापलेलं तिनं आजपर्यंत फक्त आधार कार्डावर आन रेशन कार्डावर बगितलं व्हतं, त्यातबी रेशन कार्डावर काना चुकलेला हाय. मग ती पिकोला बसली.

तुमी फोनवर मनले की तिचं नाव कागदावर न्हाईच. मी नववी सोडलेली, मला जास्त कळत न्हाई, पण जे नाव न्हाईच ते काढायला बुधवारीच कामून जायचं, हे मला उमगलं न्हाई. तुमच्याकडचा सातबारा जुना असंल. नवा काढून घ्या, पंधरा रुपये लागतेत. तुमच्या गिऱ्हाईकानं काढायच्या आदी काढलेला बरा, कारण त्याचीबी माझ्यासारखी एखादी भाची असंल.

बाकी काय ल्हू. तुमी मला कडंवर घेऊन जत्रा दाखवली, माझ्या बारशाला चांदीचे वाळे आणले, ते मी इसरले न्हाई आन इसरणारबी न्हाई. गुडघ्याला गरम इटकरीनं शेका. चूकभूल पोटात घ्या, रागावलात तर मामीसमोर रागावा, मनजे राग लवकर उतरतो.

तुमची भाची,
वर्षाराणी

ता. क. दरात सूट मिळती का ते सरांना इचारलं. नातेवाईकाला सूट हाय मनले. सध्या एकोणपन्नास नंबर रिकामा हाय, नाला एकदम लागून, बारा महिने पाणी. तुमाला पायजे असंल तर मी बोलते. (बोलते मनजे चिठ्ठी ल्हून टेबलावर ठेवते.)

ता. क. दुसरं. अकरापैकी सातवं 'व्हय' मी वापस घेते. बाकीची दहा हायत तशी ऱ्हाऊ द्या, सोयाबीनचं आन अमरनाथदादाचं तर पक्कंच. आईला ह्या पत्राचं म्हाईत न्हाई. तिनं आधार कार्ड पिशवीत टाकून ठेवलंय, ती सही करायला तयार हाय. तिला न्हाई मनताच येत न्हाई, तिचंच माझ्यात उतरलंय. मनून तुमीच बुधवारी फोन करून सांगा की ऑफिस बंद हाय, येऊ नको. एवढंच मागणं हाय, ह्याच्यासाठीच बाकीचं सगळं ल्हिलं.

ता. क. तिसरं. वरचं खोडायचं व्हतं पण कागद संपत आला. झालं असं, की मी पाकिटाला डिंक लावायले तवा आई मनली, एवढं काय ल्हिलीस मामाला, वाच. मी सुरुवात केली. गुडघा झाला, म्हैस झाली, ती मशीन चालवतच व्हती. नीलम्माबाईच्या भाकरीपाशी मशीन थांबली. मी शेवटपर्यंत वाचलं, मामा, शाळेत एक ओळ वाचली नव्हती ती मी पाच पानं वाचली. इतक्या मोठ्यानं की शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या ऱ्हायल्या, आन संपल्यावर मनल्या, व्यंकटदादाचा गुडघा कुठला, डावा का उजवा?

आई बराच वेळ दोऱ्याचं रीळ हातात फिरवत बसली. मग मनली, दादाला खोटं बोलायला लावू नको, ऑफिस चालूच असतंय बुधवारी. ल्ही, मी येते मनून. तर आमी दोघी बुधवारी पहिल्या एसटीनं येतोय. साडी आणू नका, आई नेसून येणार हाय. आधार कार्डबी आणायलोय, पण ते हक्कसोडासाठी न्हाई, हिस्सा मोजणीच्या अर्जासाठी. आईची सही त्यावर झाली, आत्ताच केली, मशीनवरच कागद ठेवून. ती मनती, कोनती बाजू पायजे ते दादानं आदी निवडावं, मोठा हाय. विहीर दोघात. तुमच्या हिश्श्याचं काय करायचं ते तुमी करा, प्लॉट घ्या न्हाई तर म्हैस घ्या. त्या अर्जावर आईच्या सहीखाली जागा कोरी हाय, तिथं तुमची एक सही लागती. जास्त काई न्हाई, नुसती फॉर्मालिटी हाय.

आमची परतीची गाडी कवाची ते इचारू नका, ठरवलं न्हाई. फक्कीचं पोतं मी हिकडूनच आणते. ह्या वेळेला नकाशा सरळ धरीन.